रेघेखालचा आवाज

आमच्या संघटनेत त्याला सगळे ऑपरेटर म्हणतात. खरं नाव कागदोपत्री आहे, पण संघटनेचे कागद मीच ठेवते आणि मलासुद्धा ते आठवावं लागतं. चौतीस वर्षं त्याने एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. निवृत्त झाला तरी फोन उचलला की पहिलं वाक्य तेच, "बोला, लाइन जोडलीय." त्याची बायको म्हणायची, मी भांडायला उभी राहिले तरी हा आधी "बोला" म्हणतो, मग भांडायचं कसं माणसाने?

मी शाळेत शिकवत होते. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि जन्मभर वर्ग सांभाळल्यामुळे मला सगळ्या जगाला एकेरीत हाक मारायची खोड आहे. तो मला बाई म्हणतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो. तरी सहा वर्षं आमचं बरं जमलं.

संघटना आमची साधी. गावाबाहेर दगडाची पूड करणारा कारखाना होता. पूड पांढरी, मऊ, हातावर घेतली तर छानच वाटायची. तीच कामगारांच्या छातीत जाऊन बसली. कारखाना कधीच बंद पडला, धूळ मात्र माणसांच्या आतच राहिली. आमचे हे त्यातच गेले. मग मी या कामाला लागले. दर आठवड्याला सभा असायची. डॉक्टर यायचे, औषधाचं, श्वासाच्या व्यायामाचं सांगायचे, लोक आपली गाऱ्हाणी मांडायचे. पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर. ज्यांच्यासाठी सभा, त्यांनाच जिना चढवत नव्हता. खाली बसलेल्यांना वरचा निरोप सांगायला मीच जिन्यात उभी राहायचे. एकदा ऑपरेटर त्या जिन्यात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सभा फोनवर घेऊ. मी लावून देतो."

तो तिथे आला होता त्याच्या थोरल्या भावाला घेऊन. दादा कारखान्यात तिसऱ्या चक्कीवर होता. वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचा. त्याने शाळा सोडून मजुरीची पाटी उचलली आणि धाकट्याला शिकवलं. नुसतं शिकवलं नाही, ओळखी काढून, हातापाया पडून त्याला हॉस्पिटलच्या बोर्डावर चिकटवलं. तिथली खोली थंडगार, खिडक्या कायम बंद. बोर्डात धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायला लावायचे. धाकटा त्या खोलीत बसून लोकांचे फोन जोडत होता, तेव्हा थोरला तोंडाला फडकं बांधून चक्कीत दगड ओतत होता.

हे त्याने मला एकदाच सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "दादाला माझा राग येत असेल का हो, बाई?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार की."

"कधी विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर?"

मी वही उघडून पुढच्या सभेची नावं लिहायला घेतली. एरवी मी कुठलाही विषय असा सोडत नाही.

तर फोनवरची सभा. मला वाटलं, चार फोन जोडले की झालं. त्याने मला समोर बसवून समजावलं. दहा माणसं बोलणं वेगळं आणि सातशे माणसं बोलणं वेगळं. प्रत्येकाचा आवाज मशीनने घ्यायचा, सगळे आवाज एकत्र मिसळायचे आणि पुन्हा प्रत्येकाला पाठवायचे, तेही ज्याचा आवाज त्यालाच परत न पाठवता. सेकंदाला पन्नास वेळा. आमच्या लोकांकडे साधे बटणांचे फोन, काहींकडे तर अजून तारेचे. त्यामुळे पडद्यावर चेहरे दिसणारी जी काही नवी सोय असते ती आमच्या कामाची नव्हती. नंबर फिरवला की सभेत बसता आलं पाहिजे, एवढंच.

या कामाचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, निवडायला त्याने चार महिने लावले. लोक मुलीसाठी स्थळ बघतानाही इतकी चिकित्सा करत नाहीत. त्याने एक वही केली. दूरच्या शहरातलं भाड्याचं मशीन त्याने आठवडाभर वापरून पाहिलं आणि नाकारलं. म्हणाला, ते दहा बिऱ्हाडांत वाटलेलं असतं, शेजारचा जागा झाला की आपला आवाज थरथरतो. नवं कोरं घरगुती मशीन आणलं, तेही परत दिलं, कारण बोलण्याच्या सभेला चित्रं भराभर दाखवणारं मशीन काय कामाचं? शेवटी त्याच्याच हॉस्पिटलने मोडीत काढलेलं एक जुनं सर्व्हर मशीन मागून आणलं. लांबट, पलंगाखाली ठेवायच्या पेटीसारखं. वीज घ्यायच्या वाटा दोन, म्हणजे एक गेली तरी दुसरी चालू. पंखे एवढे की चालू केल्यावर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तो मात्र पंख्यांना कान लावून बसला आणि म्हणाला, "तिसरा बदलायला हवा. बाकी तब्येत चांगली आहे." आमच्या संघटनेत माणसांची तपासणी डॉक्टर करायचे आणि मशीनची हा.

सॉफ्टवेअरचंही तेच. त्याला ओपन सोर्सच हवं होतं. म्हणजे जे कुणालाही उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, आणि माणसं वाढली म्हणून कुणाकडे परवानगी मागायला जावं लागत नाही. "बोर्ड बिघडला तर मी मागचं झाकण काढायचो, बाई. ज्याचं झाकणच निघत नाही त्याच्या भरवशावर सातशे माणसं कशी बसवू?" दोन सॉफ्टवेअर त्याने महिना महिना चालवली. एकात सगळं होतं, पण ते जड. दुसरं सडपातळ, आपल्याला हवं तेवढंच करणारं. ते निवडलं. रात्रंदिवस शब्दकोश मांडीवर घेऊन जगभरच्या कुणाकुणाची चर्चा वाचायचा. मला सांगायचा, सगळ्यांचा आवाज एकाच पद्धतीने आत घ्यायचा, नाहीतर मधे दुभाषा बसवावा लागतो आणि तो मशीनचा सगळा जीव खातो. मी मान डोलवायचे. वर्गात न समजता मान डोलवणारी मुलं मला कशी बनवायची, ते मला त्या दिवसांत कळलं.

पहिली सभा झाली तेव्हा दोनशे माणसं होती आणि मी रडले. ज्यांना वर्ष वर्ष पाहिलं नव्हतं ती माणसं आपल्या खाटेवरून बोलत होती.

पण माणसं वाढली तसा गोंगाट वाढला. आता इथे माझा हट्ट आला, तो सांगायलाच हवा. अशा सभेत साधारणपणे सगळ्यांचे आवाज बंद ठेवतात आणि ज्याची पाळी त्याचा उघडतात. मी म्हटलं, ते चालणार नाही. या माणसांना कारखान्याने जन्मभर गप्प बसवलं, माझ्या सभेत कुणाचं तोंड बंद करायचं नाही. ऑपरेटरने समजावून पाहिलं. मी ऐकलं नाही. मी ऐकत नाही, हे तिसरीपासून दहावीपर्यंतची मुलं सांगतील.

मग खोकल्याचे आवाज, भांड्यांचे आवाज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरघर. आमच्या निम्म्या लोकांच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन ओढणारं यंत्र असतं. एकाची घरघर काही नाही. तीनशे घरघरी एकत्र मिसळल्या की डॉक्टरांचं बोलणं बुडून जायचं. जुनं मशीनही दमायला लागलं, चारशेच्या वर गेलं की आवाज तुटायचा.

त्याने उपाय काढला. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. आवाजाची एक पातळी ठरवून द्यायची, तो तिला रेघ म्हणायचा. रेघेच्या वरचं ते बोलणं. रेघेखालचं ते काहीच नाही, ते मशीन मिसळतच नाही, सोडून देतं. त्यामुळे मशीनचं काम निम्म्याहून कमी होतं आणि घरघर जाते. मी फोनवर बसले आणि तो एकेक पायरी रेघ वर सरकवत गेला. मी सांगत होते, अजून घरघर आहे, अजून आहे, अजून थोडी. मग एकदम निवळलं, शाळेत तपासनीस आल्यावर वर्ग होतो तसं.

"आता माझा आवाज येतोय का बघा," तो म्हणाला आणि हळू बोलला. मग आणखी हळू. मग अगदी कानात सांगितल्यासारखा. प्रत्येक शब्द आला.

"फार छान," मी म्हटलं. "आता हात लावू नकोस."

चौतीस वर्षं बोर्डावर बसलेल्या माणसाचा आवाज. तो कुजबुजला तरी तोंड फोनपासून किती लांब हवं, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. त्या आवाजाने आम्ही रेघ तपासली. तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की जे खरे बोलणार आहेत त्यांच्या छातीत फुंकर मारण्याएवढीही हवा नाही.

त्यानंतर मशीनने सातशे माणसं पेलली. पडद्यावर सगळ्यांच्या नावांची यादी असायची आणि जो बोलेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. ऑपरेटर त्या ठिपक्यांकडे एकटक बघत बसायचा.

मग वार्षिक सभा आली. दहा कामगारांनी दोन दोन मिनिटं बोलायचं ठरलं. दादा मुलीकडे राहायचा, तासाभराच्या अंतरावर. दर सभेला फोन कानाला लावून बसायचा, पण दोन वर्षांत एकदाही बोलला नव्हता. या वेळी धाकटा त्याच्या मागेच लागला. रोज फोन. "दादा, तू बोल. दोन वाक्यं बोल. सगळं मी तुझ्यासाठीच लावलंय." शेवटी दादा कबूल झाला. ऑपरेटरने मला ते सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नोकरी लागल्यासारखा आनंद होता. पुढे म्हणाला, "तो काय बोलेल त्यावरून मला कळेल, बाई." काय कळेल ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

दादाचा आवाज किती बारीक झालाय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो रोज बोलायचा ते थेट, मधे कुठलं मशीन नाही, आणि त्याच्या कानाला दादाचं अर्धं बोलणंही पुरायचं.

सभेच्या दिवशी दादाचा नंबर सातवा. मी नाव घेतलं. म्हटलं, "दादा, बोला."

काहीच नाही. सातशे माणसं फोनवर आणि चिटपाखराचा आवाज नाही. मी पुन्हा म्हटलं, "बोला, दादा." पलीकडे टेबलाशी ऑपरेटर पडद्यावर वाकला होता. दादाची लाइन जोडलेली होती, नावापुढे ठिपका मात्र नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट झालं. वरती आणखी थोडं. बुजला असेल, असं मला वाटलं. सगळ्यांसमोर "दादा बोलत नाहीत" म्हणणं बरं दिसेना. माणसाची लाज राखावी म्हणून मी म्हटलं, "धन्यवाद, दादा. फार बरं वाटलं. आता पुढे जाऊ."

मी उतावळी आहे, पण त्या दिवशी मी आपल्या मते चांगुलपणाच केला होता.

सभा संपल्यावर ऑपरेटर पंख्यांच्या आवाजात तसाच बसून राहिला. म्हणाला, "बोलला नाही. एवढं सांगून दोन शब्द बोलला नाही." मी म्हटलं, फोन कर त्याला. तो म्हणाला, "नाही करत. त्याला बोलायचं नव्हतं, तेच त्याचं बोलणं." साठी उलटलेला माणूस लहान भावंडासारखा रुसला. रोजचा फोन बंद केला. मी दोन वेळा टोकलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. भावाभावांत आपण कशाला पडा.

नवव्या दिवशी दादाच्या मुलीचा फोन आला. ऑपरेटर कार्यालयात माझ्यासमोरच होता. त्याने सवयीने म्हटलं, "बोला, लाइन जोडलीय," आणि मग बराच वेळ नुसतं ऐकलं. दादा सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता.

सगळं आटोपल्यावर मी मुलीकडे भेटायला गेले. ऑपरेटर कोपऱ्यात बसला होता. ती पुतणी त्याला म्हणाली, "काका, तुम्ही फोन का नाही केलात? बाबा वाट बघत होते. म्हणायचे, मी बोललो ते धाकट्याला आवडलं नाही वाटतं."

"बोलला?" ऑपरेटर म्हणाला. "कधी बोलला?"

"सभेत. मी त्यांच्याशेजारीच होते. पाठ केलं होतं त्यांनी. बाईंनी धन्यवाद दिले ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खोलीत दादाचं ऑक्सिजनचं यंत्र अजून तसंच होतं, वायर गुंडाळून भिंतीशी ठेवलेलं. ऑपरेटर उठला, त्या यंत्राजवळ गेला, खाली बसला आणि त्याने ते चालू केलं. घरघर सुरू झाली. ती तो ऐकत राहिला. त्याला सगळं समजलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

बोलणाऱ्या दहा जणांच्या लाइन इतिवृत्तासाठी वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या होत्या. लाइन जशी येते तशी, रेघ लागायच्या आधी. इतिवृत्त मीच लिहिलं होतं. नऊ रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं. उरलेलं एक, दादाचं, उघडलंच नव्हतं. जो बोललाच नाही त्याचं काय ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात बसून ते उघडलं. ऑपरेटरने आवाज पूर्ण वाढवला. आधी नुसती घरघर. मग तिच्याच उंचीचा, तिच्यातच मिसळलेला दादा. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास.

"नमस्कार... मी तिसऱ्या... चक्कीवरचा. मला बोलता... येत नाही. धाकटा म्हणाला बोल... म्हणून बोलतो. हे मशीन... त्यानंच लावलंय. लहानपणी... रेडिओ उघडून बसायचा... मी ओरडायचो. लोक म्हणतात... तू धुळीत मेलास... तो गार खोलीत बसला... तुला राग नाही का येत. मला त्याचा... राग कधी... आला नाही. कारण..."

इथे तो थांबला. श्वासासाठी नव्हे. रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्याचीच बाजू आहे, माझा आवाज त्यात नाही. पण मी त्या क्षणी काय म्हटलं ते मला माहीत आहे. धन्यवाद, दादा. फार बरं वाटलं.

मग शिक्षकाने बस म्हटल्यावर मुलगा बसतो तसा तो म्हणाला, "बरं."

पुढे सभा संपेपर्यंत, तासभर, त्याची घरघर होती. त्याने फोन ठेवला नव्हता.

ऑपरेटरने रेकॉर्डिंग बंद केलं. शेवटी मीच म्हटलं, "मी थांबायला हवं होतं. अर्धं मिनिट आणखी."

"रेघ माझी होती, बाई."

"घाई माझी होती."

"राग नव्हता त्याला," तो म्हणाला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "पण कारण काय असेल हो?" मी बत्तीस वर्षं मुलांची अर्धी वाक्यं पुरी करत आले. हे एक मला आजतागायत पुरं करता आलेलं नाही. मी खूप रडले, आणि त्याला माझ्यासमोर रडता येईना म्हणून बाहेर गेले.

आता हॉस्पिटलमधून तसंच दुसरं जुनं मशीन आलंय. निम्मी माणसं एकावर, निम्मी दुसऱ्यावर, आणि दोन्ही मशीन एकमेकांशी जोडलेली. रेघ त्याने पार तळाशी नेऊन ठेवली आहे. सभेत पुन्हा खोकला येतो, घरघर येते, डॉक्टर दोन दोनदा सांगतात. नव्या माणसांची तक्रार येते. मी त्यांना सांगते, सवय करा. आणि कुणाचं नाव घेतल्यावर काही ऐकू आलं नाही, तर मी आता धन्यवाद म्हणत नाही. विचारते, ऐकू येत नाही, बोलताय का? मग थांबते. घड्याळ मी कार्यालयातल्या भिंतीवरून काढून टाकलंय.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, पंखा बदलला, काहीही केलं, की ऑपरेटर आधी तपासणी करतो. स्वतःच्या आवाजाने नाही. मी माझ्या घरी फोन घेऊन बसते आणि तो मशीनपाशी दादाचं रेकॉर्डिंग एका लाइनवर सोडतो. त्याच्याकडे त्याहून बारीक आवाज दुसरा नाही. तो आवाज माझ्यापर्यंत आला तर मशीन पास. गेल्या आठवड्यातही तपासणी केली. तिसरी चक्की झाली, रेडिओ झाला, राग कधी आला नाही झालं, कारण झालं.

"ऐकू येतंय का, बाई?" ऑपरेटरने विचारलं.

"येतंय," मी म्हटलं. "स्पष्ट येतंय."

आणि लाइनवर दादा म्हणाला, "बरं."